फुकट पीडीएफ वाजवता येतं का? ऑर्केस्ट्रा आणि बँडच्या शीट म्युझिकबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न असा, की चाळीसेक हौशी वादकांचा ऑर्केस्ट्रा आहे, त्यातलेच विंड (फ्लूट, क्लॅरिनेट वगैरे) आणि ब्रासवाले (ट्रम्पेट, हॉर्न वगैरे) आणखी काही जणांना धरून एक कॉन्सर्ट बँडही चालवतात, पुढच्या कार्यक्रमात ऑर्केस्ट्रानं संगीतकार द्वोर्झाकची नववी सिंफनी करायची आणि बँडनं संगीतकार होल्स्टचा पहिला सूट (छोट्या रचनांची माळ), दोन्हीचे स्कोअर नेटवर फुकट दिसतायत, तर सरळ प्रिंट काढून किंवा टॅबलेटवर घेऊन वाजवायला काय हरकत आहे?

काढा की. पण तुम्ही सगळीकडे ‘स्कोअर’ म्हणताय, आणि वाजवणारा माणूस स्कोअर वाजवत नाही, पार्ट वाजवतो. स्कोअर एकट्या कंडक्टरसमोर असतो, त्यात सगळी वाद्यं एकाखाली एक. बाकी सगळ्यांसमोर फक्त स्वतःच्या वाद्याची ओळ. मी वीसेक वर्षं ऑर्केस्ट्राची लायब्ररी सांभाळतोय, बँडचीही सांभाळलीये, आणि रिहर्सलमध्ये जो वेळ वाया जातो ना, त्यातला निम्मा मी कागदामुळे वाया गेलेला बघितलाय, वादकांमुळे नाही. कंडक्टर म्हणतो ‘लेटर एफ पासून’ (जागा सांगायला कागदावर अशी अक्षरं छापलेली असतात) आणि निम्मे लोक एकमेकांकडे बघतात, कारण त्यांच्या पार्टात एफ वेगळ्याच ठिकाणी आहे.

हे आमच्याकडे खरंच झालंय. स्कोअर एका स्वस्त रीप्रिंटचा, पार्ट नेटवरून काढलेले, दोन्ही एकाच सिंफनीचे म्हणून कुणी पडताळून बघितलं नाही. स्कोअरमध्ये अक्षरं, पार्टात नंबर. पहिली रिहर्सल पूर्ण पेन्सिलीनं अक्षरं घालण्यात गेली आणि कंडक्टर बिचारा बार (उभ्या रेघांनी पाडलेले मात्रांचे गट) मोजून मोठ्यानं सांगत होता. तेव्हापासून माझा नियम: स्कोअर आणि पार्ट एकाच आवृत्तीचे, आणि नसतील तर पार्ट वाटायच्या आधी मी स्वतः बसून जुळवणार. बार नंबर असतील तरी निर्धास्त राहू नका. सुरुवातीचा अर्धवट बार मोजायचा नसतो पण काही जण मोजतात, आणि रिपीटला पहिला शेवट आणि दुसरा शेवट असतो तिथे काही आवृत्त्या दोन्हीकडे तेच नंबर देतात तर काही पुढे मोजत जातात, मग तिथून पुढे सगळंच सरकतं.

आता फुकट कुठे आणि किती. आयएमएसएलपी, म्हणजे फुकट शीट म्युझिकची साइट, तुम्हाला माहीतच असेल, २००६ मध्ये सुरू झालं, २००७ च्या ऑक्टोबरात एका युरोपियन प्रकाशकाच्या वकिली पत्रामुळे बंद पडलं आणि २००८ च्या जूनअखेर परत आलं. भांडण कशावरून, तर कॉपीराइट प्रत्येक देशात वेगळ्या दिवशी संपतो. बऱ्याच देशांत संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, काही ठिकाणी ६०, काही ठिकाणी ५०, आणि अमेरिकेत जुन्या छापील कामांचा हिशोब प्रकाशनाच्या वर्षापासून ९५ वर्षं असा. म्हणून एकच रचना एकीकडे मोकळी आणि दुसरीकडे बांधलेली असू शकते. स्ट्राविन्स्कीच्या फायरबर्ड या बॅलेचा १९१९ चा सूट घ्या, अमेरिकेत मोकळा आहे, पण ते वारले १९७१ मध्ये, म्हणजे ७० वर्षांच्या देशांत २०४१ संपेपर्यंत नाही. तेव्हा साइटवर फाइल दिसली म्हणजे तुमच्या देशात चालेल असं नाही, आधी आपल्याकडचा नियम बघा.

तुमच्या दोन्ही निवडींचं नशीब बरं आहे. द्वोर्झाक १९०४ मध्ये गेले, होल्स्ट १९३४ मध्ये. म्हणजे ७० वर्षांच्या हिशोबातही मूळ रचना मोकळ्या. पण इथे एक गोम आहे जी लोक विसरतात: रचना मोकळी असली तरी नंतर कुणी संपादित केलेली नवी आवृत्ती किंवा अरेंजमेंट मोकळी असेलच असं नाही. होल्स्टच्या त्या सूटची कॉलिन मॅथ्यूजनं सुधारलेली आवृत्ती १९८४ ची आहे, ती झेरॉक्स काढून वाटायची नाही. आणि पार्ट विकत घेतले म्हणजे कार्यक्रम करायची परवानगी मिळाली असंही नाही, कॉपीराइटमधलं काम असेल तर सादरीकरणाचा परवाना वेगळा लागतो.

द्वोर्झाकबद्दल आधी वाद्यांची यादी नीट वाचायला शिका, कारण त्यावरून खरेदी ठरते. प्रकाशक आणि लायब्ररीवाले ती आकड्यांत लिहितात: २२२२, मग ४२३१, मग टिंपनी (मोठे नगारे), पर्कशन (बाकीची तालवाद्यं), स्ट्रिंग्ज (व्हायोलिन, चेलो वगैरे). पहिला चौकडा म्हणजे फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून, आणि दुसरा म्हणजे हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा, क्रम कायम तोच. नववी सिंफनी बरोबर तशीच आहे. पण आकड्यांच्या आत बरंच दडलेलं असतं. एका फ्लूटवाल्याकडे पिकोलो (छोटा फ्लूट) पाहिजे, दुसऱ्या मूव्हमेंटमधला, म्हणजे लार्गोमधला, तो प्रसिद्ध कोर आंग्लेचा (ओबोच्या जातीचं, खालच्या स्वराचं वाद्य) सोलो आहे तो ओबोवाल्यातल्याच एकानं वाद्य बदलून वाजवायचा की वेगळा माणूस आणायचा हे आधीच ठरवा, आणि ट्यूबावाल्याला अख्ख्या सिंफनीत फक्त त्या लार्गोमध्ये मोजके स्वर आहेत. त्याला हे आधी सांगा, नाहीतर तो पहिल्या रिहर्सलला पूर्ण वेळ मांडीवर ट्यूबा घेऊन बसेल आणि दुसऱ्या रिहर्सलला येणारच नाही.

मग ट्रान्सपोझिशन, म्हणजे लिहिलेले स्वर दुसऱ्या पट्टीत सरकवणं. हौशी ऑर्केस्ट्राचा खरा घोटाळा इथे होतो. जुन्या काळी हॉर्नला झडपा नव्हत्या, वादक पट्टीप्रमाणे नळी बदलायचा, आणि संगीतकार ‘हॉर्न इन ई’, ‘हॉर्न इन सी’ असं लिहायचे. झडपा आल्यावरही ती सवय बरीच वर्षं सुटली नाही. आजचा हॉर्नवाला एफ मध्ये वाजवतो, म्हणजे ‘इन ई’ दिसलं की त्याला सगळं अर्धा स्वर खाली सरकवून वाजवायला लागतं, बघता बघता. मुरलेला वादक ते झोपेतही करतो. तुमचे हॉर्नवाले बँडमधून आलेत, त्यांनी आयुष्यभर एफ मधलाच पार्ट बघितलाय, ते अडकणार. ट्रम्पेटचं तर याहून अवघड, ‘इन ई’ चा पार्ट बी फ्लॅट ट्रम्पेटवर वाजवायचा तर अर्ध्या सप्तकाइतकी उडी आहे. आणि क्लॅरिनेट. ए क्लॅरिनेट नसेल तर बी फ्लॅटवर सगळं अर्धा स्वर खाली वाजवता येतं, पण ए क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा स्वर बी फ्लॅटवर निघतच नाही, आणि बोटांची अडचण होते ती वेगळीच. म्हणून मी म्हणतो की हॉर्न, ट्रम्पेट, क्लॅरिनेट या तिघांसाठी आजच्या वाद्यांना सोयीचे, ट्रान्सपोज केलेले पर्यायी पार्ट शोधा, बऱ्याच लोकप्रिय कामांचे तयार मिळतात. नाही मिळाले तर म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून घ्या. मूळ कागद मात्र फेकू नका, कंडक्टरच्या स्कोअरमध्ये मूळच स्वर असतात आणि भांडण झालं की तोच पुरावा.

जर्मन छपाईत आणखी एक खड्डा आहे. तिथे ‘बी’ म्हणजे आपला बी फ्लॅट, आणि आपला बी नॅचरल म्हणजे ‘एच’. ब्राह्म्सच्या पार्टावर हॉर्न इन एच बघून एकानं मला विचारलं होतं की ही छापायची चूक आहे का. वाद्यांच्या नावांचंही तसंच. इटालियन ‘ट्रोम्बा’ म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन नाही. ‘पियाट्टी’ म्हणजे झांजा, ‘कासा’ म्हणजे मोठा ड्रम. फ्रेंचमध्ये ‘टँबाल’ म्हणजे टिंपनी, आणि आमच्याकडे एक उत्साही पर्कशनवाला लॅटिन टिंबाल्स (लॅटिन संगीतातली ड्रमची जोडी) घेऊन हजर झाला होता, गाडीत घालून, दोन स्टँडसकट.

आता फुकट प्रिंट की विकत की भाड्यानं. माझं मत सरळ आहे: नेहमीच्या गाजलेल्या सिंफनीला विकतचे पार्ट घ्या, परवडत असेल तर. फुकटची किंमत तुमच्या वेळेतून जाते. शंभर वर्षांपूर्वीच्या छपाईच्या प्लेटचं कुणीतरी केलेलं स्कॅन, कडा तिरक्या, एखादं पान गायब, वरून दुसऱ्या कुठल्या ऑर्केस्ट्राच्या जुन्या पेन्सिलीच्या खुणा स्कॅनमध्ये कायमच्या उतरलेल्या. आणि मूळ कागद ए-फोरपेक्षा मोठा असतो, साधारण ९ बाय १२ इंच किंवा त्याहून मोठा, तो ए-फोरवर ‘फिट टू पेज’ करून छापला की पाच रेघा इतक्या बारीक होतात की मागच्या स्टँडवरच्या माणसाला चष्मा बदलून यायला लागतं. फूटपट्टी घ्या आणि पाच रेघांची उंची मोजा. ७ मिलिमीटरच्या खाली असेल तर ते पान देऊ नका, स्ट्रिंग्जना ८ च्या आसपास असलं तर उत्तम, दोन जण एका स्टँडवरून, लांबून वाचत असतात. मोठा कागद घेऊन दुमडून पुस्तिका करा, कागद जाड घ्या म्हणजे मागची छपाई पुढे दिसत नाही, आणि चकचकीत अजिबात नको, दिव्याखाली आरशासारखा चमकतो. ऑर्केस्ट्रा लायब्ररियनांची मोला नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, तिची पार्ट कसे तयार करावेत याची मार्गदर्शिका मोफत मिळते, ती एकदा वाचाच.

पान उलटणं हा स्वतंत्र विषय आहे. स्ट्रिंग्जमध्ये एका स्टँडवर दोघे, आतल्या बाजूचा पान उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो, म्हणून जमून जातं. विंडवाला एकटाच असतो, दोन्ही हात वाद्यात. त्याच्या पानाच्या शेवटी विराम नसेल तर प्रिंट काढताना पानांची मांडणीच बदला, किंवा एक पान बाहेर उघडणारं चिकटवा. साधी सेलोटेप लावू नका, पिवळी पडते आणि पानाला पान चिकटतं, कागदी टेप घ्या. पानाखाली ‘व्ही. एस.’ लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, लगेच उलट, एवढंच.

किती प्रती? विंड, ब्रास, पर्कशनला माणशी एक. स्ट्रिंग्जला स्टँडमागे एक, म्हणजे दहा फर्स्ट व्हायोलिन असतील तर पाच. वर एक-एक जादा ठेवा. जुन्या आवृत्त्यांत चेलो आणि डबल बास एकाच पार्टात छापलेले असतात, तेव्हा चेलोचे मोजून बासचे वेगळे शोधत बसू नका.

भाड्याचा मामला मुख्यतः कॉपीराइटमधल्या कामांना आणि ज्यांचे पार्ट विकतच नाहीत अशांना. तुम्हाला आत्ता लागणार नाही म्हणून फार लिहीत नाही, पण एवढं: कागद मागवताना नाव, आवृत्ती, वर्ष सगळं लिहा. फायरबर्ड म्हटलं तर १९१० चं अख्खं बॅले, १९११ चा सूट, १९१९ चा, १९४५ चा, प्रत्येकाची वाद्यसंख्या वेगळी, आणि १९११ चा घरी आला तर तुमच्या चाळीस जणांत तो मावणारच नाही. स्ट्राविन्स्कीच्याच पेत्रुश्काचं १९११ आणि १९४७ असंच. ब्रुकनरच्या सिंफनींबद्दल तर बोलायलाच नको, तिथे हास की नोवाक, कुठल्या संपादकाची आवृत्ती, हे कंडक्टरला विचारल्याशिवाय फोन उचलू नका. भाड्याचा सेट आला की पहिल्या दिवशी मोजा आणि गहाळ पार्ट असेल तर लगेच कळवा. आमच्याकडे एकदा सेकंड बसूनचा पार्ट आलाच नव्हता, आम्ही महिनाभर मोजलं नाही, आणि परत करताना तो आम्हीच हरवला असं ठरलं.

छापलेलं म्हणजे बरोबर असंही समजू नका. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचे पार्ट १८०९ मध्ये छापले गेले, पूर्ण स्कोअर थेट १८२६ मध्ये, आणि मधे १८१० मध्ये बीथोव्हननं स्वतः प्रकाशकाला पत्र लिहून कळवलं की स्केर्झोमध्ये, म्हणजे तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये, दोन बार जास्तीचे छापलेत. ते दोन बार तरीही कित्येक वर्षं तसेच वाजत राहिले. तुमच्या द्वोर्झाकची प्रुफं तर ब्राह्म्सनं तपासली, कारण द्वोर्झाक तेव्हा अमेरिकेत होते. ब्राह्म्ससारखा माणूस प्रुफं वाचायला, आणखी काय पाहिजे, पण पुढच्या रीप्रिंटांची हमी तो देऊ शकत नाही. १९१९ चा फायरबर्ड चुकांसाठी कुप्रसिद्ध आहे, लायब्ररियन लोकांत त्याच्या चुकांच्या लांबलचक याद्या फिरतात. अशी यादी मिळाली तर रिहर्सलच्या आधी पार्टांत दुरुस्त्या करून टाका, वादकांना यादी वाटू नका, कुणी बघत नाही.

आता बँड. बँडवाले ऑर्केस्ट्रापेक्षा एका बाबतीत सुखी, बहुतेक संगीत अख्ख्या सेटमध्ये विकत मिळतं, स्कोअर आणि ठरावीक प्रती एकत्र. दुःख दुसरीकडे आहे. होल्स्टनं तुमचा तो पहिला, ई फ्लॅटचा सूट १९०९ मध्ये लिहिला, छापला गेला १९२० नंतर, आणि पहिल्या छपाईत कंडक्टरला पूर्ण स्कोअर नव्हताच, दोन-तीन ओळींत दाबून बसवलेला कंडेन्स्ड स्कोअर होता, पूर्ण स्कोअर आला १९४८ मध्ये. तुम्हाला नेटवर फुकट मिळतंय ते बहुधा तेच जुनं असणार. कंडेन्स्ड स्कोअरवरून रिहर्सल घेणं म्हणजे खिडकीच्या फटीतून लग्न बघणं. थर्ड क्लॅरिनेट चुकलं की ते होतंच का तिथे हे कळायला मार्ग नाही. ग्रेंजरच्या लिंकनशायर पोझी या बँडच्या रचनेचं तसंच झालं, १९३७ चं काम, पार्टांत चुकांचा ढीग, आणि कंडक्टर फ्रेडरिक फेनेलनं निस्तरून काढलेला पूर्ण स्कोअर १९८७ चा. म्हणून होल्स्टसाठी माझा सल्ला: इथे पैसे घाला, सुधारलेली आवृत्ती विकत घ्या. पैसे वाचवायचेच तर द्वोर्झाकवर वाचवा, तिथे निदान पूर्ण स्कोअर आणि पार्ट दोन्ही मिळतात.

जुन्या बँड सेटमध्ये असे पार्ट सापडतील ज्यांची वाद्यंच आता कुणाकडे नाहीत. डी फ्लॅट पिकोलो, ई फ्लॅट हॉर्न. आजचा पिकोलो सी मध्ये आणि हॉर्न एफ मध्ये, म्हणजे परत ट्रान्सपोज करणं आलं. युफोनियमचे (छोट्या ट्यूबासारखं वाद्य) दोन पार्ट दिसतील, एक ट्रेबल क्लेफ एक बेस क्लेफ (क्लेफ म्हणजे कुठली रेघ कुठला स्वर ते सांगणारी सुरुवातीची खूण), संगीत तेच, ट्रम्पेटवरून आलेल्या माणसाला ट्रेबलचा द्यायचा, ट्रॉम्बोनवरून आलेल्याला बेसचा, उलट दिलं तर पहिला बार संपायच्या आत कळेल. पार्टात बारीक अक्षरात छापलेले स्वर म्हणजे क्यू. बसूनचं टेनर सॅक्सोफोनमध्ये, ओबोचं क्लॅरिनेटमध्ये किंवा ट्रम्पेटमध्ये, तो वाद्यवाला नसेल तर दुसऱ्यानं वाजवावं म्हणून. पण ओबोवाला हजर असताना ट्रम्पेटवाल्यानंही वाजवलं की ओबो गेला, तेव्हा क्यू वाजवायचा की नाही हे कंडक्टरनं सांगायचं आणि पार्टावर लिहून ठेवायचं.

मार्च, म्हणजे संचलनाच्या धुना, हव्या असतील तर अमेरिकेच्या मरीन बँडनं संगीतकार सूझाच्या मार्चचे पूर्ण स्कोअर आणि पार्ट स्वतःच्या साइटवर मोफत ठेवलेत, नीट संपादित करून. सूझा स्वतः १८८० ते १८९२ त्या बँडचा प्रमुख होता. एवढं चांगलं फुकट क्वचितच मिळतं, डोळे झाकून घ्या.

पार्ट हातात आल्यावर लगेच वाटायचे नाहीत. प्रत्येकाची पानं मोजा. पार्टावर नंबर घाला आणि कुणाला कुठला दिला ते वहीत लिहा. मग स्ट्रिंग्जचे बोइंग, म्हणजे गज कुठे खाली ओढायचा आणि कुठे वर: कॉन्सर्टमास्टर (फर्स्ट व्हायोलिनचा प्रमुख) पहिल्या पार्टात खाली-वर गजाच्या खुणा करतो, बाकीचे सेक्शन लीडर त्याच्याशी जुळवून घेतात, आणि ते सगळं लायब्ररियन बाकीच्या स्टँडवर उतरवतो. म्हणजे तुम्ही. यात दोन आठवडे सहज जातात, कारण कॉन्सर्टमास्टर दर वेळी ‘उद्या देतो’ म्हणतो. पहिल्या रिहर्सलच्या तीन-चार आठवडे आधी वादकांच्या हातात पार्ट पडायला हवेत, त्यावरून उलट मोजा. लिहायचं फक्त पेन्सिलीनं, टू-बी सारख्या मऊ, आणि कंजूषपणा न करता प्रत्येक स्टँडवर एक ठेवा. कुणी बॉलपेन काढलं तर मी तरी गप्प बसत नाही.

टॅबलेटचं विचारलं होतं तुम्ही. पायानं पान उलटणारं पेडल असेल तर विंडवाल्यांसाठी मस्त आहे, पान उलटायचा सगळा त्रास संपतो. पण एका स्टँडवर दोघांना एक टॅबलेट लहान पडतो, आणि कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांच्या मागे एक कागदी सेट माझ्याकडे पेटीत असतो, चार्जिंग संपलेला माणूस दर कार्यक्रमाला एक तरी भेटतोच. आणि स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फिनाले वापरत असाल तर ते २०२४ मध्ये बंद झालंय, जुन्या फाइली म्यूझिक एक्सएमएलमध्ये (दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येतो असा फॉरमॅट) काढून ठेवा, नंतर उघडायला मशीन सापडणार नाही.

तेव्हा आता मला तीन गोष्टी कळवा: तुमच्या क्लॅरिनेटवाल्यांपैकी कुणाकडे ए क्लॅरिनेट आहे का, हॉर्न चार आहेत की दोन, आणि कंडक्टरकडे द्वोर्झाकचा स्कोअर आधीपासून आहे का आणि असेल तर पहिल्या पानाच्या तळाशी प्लेट नंबर (प्रकाशकाचा छपाईचा नंबर) काय छापलाय. तो नंबर मिळाला की त्याच्याशी जुळणारे पार्ट कुठले ते मी बघून सांगतो.